सहकुटुंब पायी : उलटा डोंगर

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका तहामुळे राहिले आहे. इ. स. १८०३ च्या डिसेंबरच्या १५ तारखेस आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामधील तह आमच्या गावी झाला. शिक्षकाच्या नोकरीत असता या दोन्ही तारखा आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतल्या. एके वर्षी सहज विचारले, "गाविलगड येथून कोणत्या दिशेस?" चाळीस मुलांचा वर्ग गप्प. शेवटी एक चुणचुणीत मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, ते पुस्तकात दिलेलं नाही." वर्गाच्या उत्तरेकडील खिडकीतून सातपुड्याची निळी ओळ त्या वेळी स्पष्ट दिसत होती.

मुलांस दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांस तेथवर नेले कोणी होते? आपल्या घरांतून सहली निघत नाहीत असे नाही. परंतु मोटारीतून उतरावयाचे, कठड्याशी उभे राहून दरी पाहावयाची, चित्रे काढावयाची आणि भजी खाऊन परत फिरावयाचे, इतकाच त्यांचा विस्तार असतो. म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत, त्यांस घेऊन पायी कोठे जाणार, ही सबब ठरलेली. हिवाळा सुरू झाला म्हणजे आम्हांस वाचकांकडून हाच प्रश्न येतो. म्हणून या महिन्याचे लेखन त्यासच वाहिले आहे. प्रश्नाचे उत्तर आम्ही चुकत चुकत शिकलो, आणि मुख्य चूक कोणती हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली, तीही येथे सांगणार आहोत.

प्रथम सोप्याकडून आरंभ करावा. आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या शहानूर नदीवर, सातपुड्याच्या पायथ्याशी धरण आहे. थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी तेथे जाऊन पाण्याच्या बाजूने तासभर सपाटीने चालावे. कोणाचा श्वास लागतो, कोणाचे जोडे चावतात, कोणते मूल पंधरा मिनिटांत कडेवर येऊ पाहते, याची परीक्षा घराजवळ झालेली बरी. दुसरा धडा चिखलदऱ्यास. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील हे ठिकाण १८२३ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस आले असे सांगतात. कोरकू लोकांस ते अर्थातच त्यापूर्वीपासून ठाऊक होते. भीमाने कीचकास मारून येथल्या दरीत लोटले, त्यावरून कीचकदरा व पुढे चिखलदरा, ही कथा मुलांस सांगावी. पंचबोलच्या कड्यावर आपल्याच हाकेचे उत्तर दऱ्यांतून परत येते, त्यात मुले अर्धा तास रमतात. मग गाविलगडावर पायी हिंडावे. गड विस्तीर्ण आहे, आत तळी आहेत, दरवाजे आहेत, आणि १५ डिसेंबरची ती लढाई कोठून चढली असेल याचा तर्क करण्यास भरपूर जागा आहे. गड मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत असल्याने दिवसाउजेडीच जावे, आणि वनखात्याचा माणूस सांगेल ते ऐकावे. तिसरा धडा मुक्तागिरीचा. परतवाड्यापासून जवळच, मध्यप्रदेशाच्या हद्दीत असलेल्या या जैन तीर्थक्षेत्री ५२ मंदिरे, एक धबधबा आणि दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर गुडघ्यांची खरी परीक्षा होते.

हे तीन धडे झाले म्हणजे चौथा घ्यावा, तो लोणारचा.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. आमच्या गावाहून अकोला, मेहकर असे करीत जावे लागते. तेव्हा मुक्काम आलाच. नावातच लवण आहे. लवणासुर नावाच्या दैत्यास विष्णूने मारिले अशी पुराणकथा असून, लोणार गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन कोरीव मंदिर त्याच कथेचे आहे. विज्ञानाची कथा याहून कमी अद्भुत नाही. आकाशातून प्रचंड वेगाने आलेला एक पाषाण दख्खनच्या काळ्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळाकार विवर पडले. पूर्वी पुष्कळ विद्वान यास ज्वालामुखीचे मुख समजत. विवराच्या तळातील खडकांचा अभ्यास करून उल्कापाताचा निर्णय पक्का करणारा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. विवराचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानीत. अलीकडच्या मोजणीने ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास भरते. तळाशी सरोवर आहे. त्याचे पाणी खारटही आहे आणि क्षारयुक्तही. साबणाच्या पाण्यासारखे म्हटले तरी चालेल. आईने अकबरीतही या पाण्याच्या क्षारांचा उल्लेख आहे. याउलट विवराच्या माथ्यावर, धार नावाच्या ठिकाणी, गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो. वर गोड पाणी, तळाशी खारे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तीवरच उभी आहे.

काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १४० मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारतीएवढी. डोंगर चढणारा माणूस आरंभी दमतो; नको वाटले तर अर्ध्यावरून फिरतो, आणि परतीची वाट त्यास उताराची मिळते. विवरात किंवा दरीत उतरणाऱ्याचे सर्व उलट. पाय ताजे असता, सकाळच्या गारव्यात, उतार लागतो. मुले धावत सुटतात, वृद्धांसही वाटते की आपण अजून तरुण आहोत. खाली पोहोचल्यावर मात्र ऊन वर आलेले, पाणी संपत आलेले, पाय थकलेले; आणि चढण तेथून पुढे. त्यात विवराच्या वाटीत वारा लागत नाही. संस्कृतात अवतरण आणि उत्तरण हे दोन्ही शब्द एकाच तॄ धातूचे. पाण्याशी उतरण्याची जागा ते तीर्थ, तेही त्याच धातूचे. आमच्या पूर्वजांनी उतरणे व पार होऊन वर येणे यांस एकाच कुळात ठेविले. आम्ही मात्र पहिल्याचाच विचार करून निघतो.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन नावाची महादरी आहे. तिची खोली दीड किलोमीटरहून अधिक. आमचा एक जुना विद्यार्थी त्या प्रांती असतो. आईवडिलांस घेऊन तो ती दरी पाहून आला. प्रदेश वाळवंटी. उन्हाळ्यात काठावर सुखाची हवा असता तळाशी पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथील रक्षक येणाऱ्यांस बजावून सांगतात की, उतरावयास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढावयास धरा, आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याचे साहस करू नका. विद्यार्थ्याच्या वडिलांनी अर्ध्या तासाची वाट उतरून मुकाट्याने पाय मागे घेतला. त्यांस कोणी भित्रे म्हटले नाही. आम्हांस ही शहाणीव १९९१ साली असती तर पुढील गोष्ट घडली नसती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही नऊ माणसे लोणारास गेलो होतो : तीर्थरूप वडील, मातोश्री, धाकटे बंधू, त्यांच्या पत्नी, त्यांची दोन मुले, आम्ही, सौ., आणि दोन वर्षांचा चिरंजीव. धारेवर स्नाने, दैत्यसूदनाचे दर्शन, पूजा, हे सर्व आटोपेपर्यंत साडेदहा वाजले. परत धारेशी येऊन उतरावयास निघालो, तो प्रश्न आला की डब्यांचे काय? दशम्या, चटणी, दहीभात, असा नऊ जणांचा फराळ पितळी डब्यांत भरलेला. भोवती वानरे. सौ. म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी बसते डब्यांपाशी. बाळही झोपेल." त्यात कोणास वावगे दिसले नाही. आम्हांसही नाही.

पाऊण तासात खाली पोहोचलो. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक फिरकीचा तांब्या होता. सरोवराच्या काठी बसून आम्ही तो सर्व संपविला. कमळजा देवीचे दर्शन घेतले, मोर पाहिले, मुले काठाने भटकली. परत फिरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आठ वर्षांच्या पुतण्याने पाणी मागितले. कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने सरोवरात ओंजळ बुडवून तोंडाशी नेली, आणि पुढची पाच मिनिटे तो ओकत होता. चढणीच्या पहिल्याच टप्प्यावर वडिलांच्या पोटरीत वांब आला. एका झाडाखाली आम्ही त्यांस आडवे केले. समोर एवढे थोरले सरोवर, आणि सात माणसांत घोटभर पाणी नाही! बंधू वर जावयास निघणार, इतक्यात वळणावर सौ. दिसल्या. कडेवर बाळ नव्हते, कळशी होती. धारेचे पाणी भरून, बाळास ओट्यावर बसलेल्या एका फुलवालीच्या स्वाधीन करून, त्या अर्धी वाट उतरून आल्या होत्या. आधी वडिलांस, मग मुलांस, मग इतरांस त्यांनी पाणी दिले. आणि बाळ उठून रडेल म्हणून सर्वांच्या आधी वर निघून गेल्या. त्या जागेवरून झाडांमुळे सरोवर दिसत नव्हते.

रात्री आम्ही विचारले, "आम्हांस पाणी लागेल हे कसे कळले?" त्या म्हणाल्या, "कळायचं काय त्यात? उतरायला पाऊण तास म्हणजे चढायला दीड. बाटल्या दोनच. हिशेब केला." गणित आम्ही शिकवीत होतो.

त्या दिवसापासून आमच्या घरी जे नियम चालतात, ते वाचकांच्या सोयीसाठी देतो.

वेळेचे व पाण्याचे तीन भाग करावेत. एक भाग उतरण्यास, दोन चढण्यास. पहिला भाग संपला की, तळ दिसत असला तरी फिरावे. लोणारास सकाळी सात वाजता उतरू लागावे आणि दहा-साडेदहाच्या आत काठावर यावे. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. वऱ्हाडात वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा असल्या वाटेचे नाव काढू नये. पावसाळ्यात वाट निसरडी होते.

पाणी ज्याचे त्याच्या खांद्यावर असावे. मोठ्या माणसास निदान दोन लिटर, मुलास त्याच्या बेताची बाटली. एकाजवळ सर्वांचे पाणी ठेवणे आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण वजनाचे नाही. एकाजवळ पाणी असले म्हणजे इतरांस ते मागावे लागते; आणि आपल्या घरांत सून सासऱ्यापाशी पाणी मागत नाही. ती तहानलेली चालते. सोबत लिंबू, मीठ, साखर असावी. शेंगदाणे-गूळ प्रत्येकाच्या खिशात असावे. केवळ पाणीच पाणी पिऊन घाम गाळीत राहिल्यास शरीरातील मीठ कमी होते व वांब येतात.

सर्वांत हळू चालणाऱ्यास सर्वांच्या पुढे ठेवावे. मागे राहिलेला वृद्ध जेव्हा धापा टाकीत विसाव्याच्या जागी पोहोचतो, तेव्हा पुढची मंडळी विसावा संपवून उठलेली असते. म्हणजे ज्यास विसावा हवा त्यासच तो मिळत नाही. हळू चालणारा पुढे असला की हे संकट टळते. मुलांनी पळू नये म्हणून त्यांस कामे सांगावी : पक्षी मोजणे, दगडांचे प्रकार पाहणे, वळणे लक्षात ठेवणे.

पायांत चपला नकोत. आमच्या आत्याबाईंनी सत्तरीत प्रथम कापडी बूट चढविले तेव्हा त्या लाजेने घरात चोरून चालून पाहत होत्या. हल्ली त्या बाजारासही तेच घालून जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, आणि ती उतरताना अधिक जपून टेकावी. गुडघ्यास त्रास चढण देत नाही, उतार देतो. कडेकपारीत आग्यामोहळ असते. तेथे धूर, अत्तर व आरडाओरडा वर्ज्य. लोणारचे विवर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, त्याची गणना झाली. तेथे साबण लावू नये, कागद-पिशव्या टाकू नयेत. अलीकडे सरोवराचे पाणी वाढून काठची जुनी वाट काही ठिकाणी बुडते. सबब उतरण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

हे नियम आम्ही १९९१ नंतर अनेकांस सांगितले, आणि सहली सुरळीत करून दाखविल्या याचा आम्हांस अभिमानही होता. परंतु खरी चूक आमच्या ध्यानात आलीच नव्हती.

२०२० सालच्या जून महिन्यात लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. महासाथीमुळे सर्वजण घरात कोंडलेले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य दिसले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. आम्ही घरातल्यांस ते समजावून देत होतो. सौ. पालेभाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "गुलाबी झालं म्हणे. आधी कोणत्या रंगाचं होतं, ते मला कुठे ठाऊक आहे?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु एकोणतीस वर्षांत आम्ही त्या सहलीची गोष्ट शेकडो वेळा सांगितली. कळशीचे कौतुक तर प्रत्येक वेळी केले. आणि ज्या व्यक्तीने ती कळशी आणली तिने सरोवर पाहिलेच नाही, हे आम्हांस एकदाही सुचले नाही. मागे वळून पाहता आमच्या लक्षात आले की, गाविलगडावर, मुक्तागिरीस, धरणावर, दर वेळी डब्यांपाशी कोणीतरी बसलेले होते, आणि ते कोणीतरी कधीही पुरुष नव्हते. आम्ही ज्यांस सहकुटुंब सहली म्हणत होतो, त्या कुटुंबातील एक वजा करून केलेल्या होत्या.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा लोणारास गेलो : सौ., चिरंजीव, सूनबाई, नात व पाच वर्षांचा नातू. डबे सोबत घेऊन उतरावयाचे असे ठरविले होते. राखण कोणीच करावयाची नाही. परंतु सकाळी नातवास कणकण वाटू लागली. त्यास खाली नेणे शक्य नव्हते. सूनबाई लगेच म्हणाल्या, "मी थांबते त्याच्यापाशी. तुम्ही सगळे जा." तेच शब्द, तीच जागा. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठी भिंतीशी टेकवून ठेवली, म्हणजे त्याही थांबणार हे आम्ही समजलो. तेव्हा आम्ही ती काठी उचलून त्यांच्या हाती दिली आणि धारेजवळच्या ओट्यावर नातवास मांडीवर घेऊन बसलो. चिरंजीवांनी थोडी कुरकूर केली, "बाबा, तुम्ही कशाला?" सूनबाईंनी केली नाही.

सात वाजता मंडळी उतरली. आम्ही डबे राखीत बसलो. नातू झोपला. पहिला तास वाचनात गेला. दुसऱ्या तासात आम्ही डबे तीनदा मोजले. त्यानंतर वाटेच्या वळणाकडे पाहण्यावाचून दुसरे काम उरले नाही. सौ.च्या गुडघ्यांनी दगा दिला तर? पाणी पुरेल ना? कळशी घेऊन उतरावे काय? पण मांडीवर मूल. राखण म्हणजे काय, हे त्या चार तासांत कळले. बसून राहणाऱ्याच्या वाट्यास सहल येत नाही, काळजी मात्र सर्वांची येते.

साडेदहाला ठरलेली मंडळी अकरा वाजता वळणावर दिसली. सर्वांत पुढे सौ. काठी टेकीत, वळणावळणावर थांबत येत होत्या. मागे सूनबाई, नात, आणि शेवटी चिरंजीव. ओट्यावर बसून त्यांनी आपल्याच बाटलीतले उरलेले पाणी प्यायले. आम्ही विचारले, "कोणत्या रंगाचे आहे?"

"हिरवं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि काठाशी वास किती येतो! ते तुम्ही इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

नातू उठला होता. कणकण उतरली होती. आम्ही डबे उघडले, आणि त्या दिवशी वाढपही आम्हीच केले.

असो. यंदाच्या थंडीत जे वाचक सहकुटुंब पायी निघणार असतील, त्यांनी जोडे, पाणी, वेळ यांचा विचार तर करावाच. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री, सर्वजण जेवावयास बसले असता, डब्यांपाशी कोण बसणार हेही उघडपणे ठरवावे. कोणी न बसता भागत असेल तर उत्तमच. न भागल्यास पाळ्या लावाव्यात, आणि पहिली पाळी घरातील कर्त्या पुरुषाने घ्यावी. त्याने त्याचे काही बिघडणार नाही. जाताना एखादे चांगले पुस्तक मात्र बरोबर न्यावे; पहिल्या तासास ते पुरते.